पूजेतली पिशवी

चंद्रमती विळीवर भेंडी चिरत बसली होती. दारात वरुणराव दिसला आणि तिचा हात थांबला. थांबला तेच बरं, कारण त्या घटकेला तिच्या मनात जे आलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

“वैनी, यावं कां आंत?”

“आलांतच की,” ती म्हणाली. “बसा.”

वरुणराव तिच्या नवऱ्याचा, बाळकृष्णरावांचा, मामेभाऊ. विम्याचा एजंट. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, काखेत तपकिरी चामड्याची पिशवी, आणि तोंडात कायम खडीसाखर. तंजावरातल्या मेल वीदी या रस्त्यावर जी मराठी घरं आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांचा पैसा त्या पिशवीतून गेला होता. चंद्रमतीचाही गेला होता. परत आला तेव्हा त्याची तिजाई उरली होती.

ती गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे एका बाईचा तिखट स्वभाव एवढंच वाटेल.

बाळकृष्णराव पाटबंधारे खात्यात होते. नोकरीत असतानाच गेले. सरकारकडून एकरकमी पैसा आला, आणि चंद्रमती त्या पैशाकडे भेदरून पाहत राहिली. ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. खाजगी शाळा, पगार बेताचा, पेन्शनचं नाव नाही. बँकेतला साहेब इंग्रजीत बोले, खात्यातला कारकून सरकारी तमिळमध्ये, आणि अशात तेराव्याच्या दिवशी वरुणराव शेजारी येऊन बसला आणि घरच्या मराठीत बोलला. तंजावरात तीनशे वर्षं काढलेल्या आमच्या लोकांची ही एक खोड आहे. बाहेर सगळा तमिळ कारभार, त्यात दाराशी येऊन कुणी आपल्या बोलीत “वैनी” म्हटलं, की त्याला आधी पाट मिळतो आणि मग त्याचं काम विचारतात. चंद्रमतीनं तर तेही विचारलं नाही. कागद इंग्रजीत होता. वरुणरावानं तो मराठीत वाचून दाखवला. “एकदाच भरा, वैनी. पांच सालांत दुप्पट. तुमच्या लेकीच्या, नित्याच्या शिक्षणाला तोंडावर पैसा.” तिनं सही केली.

दुसऱ्या वर्षी हप्त्याची नोटीस आली. तेवढीच रक्कम पुन्हा भरा, आणि अशी दहा वर्षं भरा. वरुणरावानं फोन उचलला नाही. भरायला पैसे नव्हते, पॉलिसी बुडाली, आणि जे हातात आलं त्यात फी भागेना, म्हणून नित्याची कोइमतूरच्या फिजिओथेरपी कॉलेजातली जागा गेली. पोरगी हुशार होती. आज ती कुंभकोणमला एका दवाखान्यात पावत्या फाडते. कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आलं, सही आपलीच आहे. कायद्यानं हात वर केले, तेव्हा चंद्रमतीनं मनात एक गोष्ट पक्की केली. याचं उट्टं काढायचं.

आणि वर कडी म्हणजे वरुणरावाच्या घरचं गोलूचं बोलावणं त्याच वर्षी बंद झालं. नवरात्रात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या आणि देव बसवायचे, बायकांना बोलवायचं, कुंकू, विडा आणि सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ द्यायची, ही आमच्याकडची रीत. वरुणरावाची बायको सरस्वती दरवर्षी मोठा गोलू मांडी. चंद्रमती तिथली ठरलेली गायिका. पण विधवेला कुंकवाला कसं बोलवायचं, असं सरस्वतीनं कुणाकडे तरी म्हटलं आणि ते फिरून तिच्या कानावर आलं. म्हणजे तेराव्याला तिचा चेक चालला आणि नवरात्रात तिचं कपाळ चालेना! ही जखम पहिल्या जखमेपेक्षा लहान होती, पण जास्त ठणकायची.

रडून काही होत नाही हे कळल्यावर ती शिकायला बसली. ज्या कागदानं गळा कापला तोच कागद डिक्शनरी घेऊन ओळ ओळ वाचून काढला. लायब्ररीत गुंतवणुकीवर फुकट व्याख्यानं होत, तिथं पुढच्या खुर्चीत बसून तिनं वक्त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. हळूहळू तिच्या लक्षात आलं की यात विद्या फारशी नाही, सावधपणा आहे. कमावणारा गेला तर घर उभं राहावं म्हणून विमा. पुढं लागेल म्हणून बचत. दोन्ही एका भांड्यात शिजवून वाढणारा माणूस बहुधा आपलंच जेवण रांधत असतो. अडीअडचणीचा पैसा हात पोचेल तिथं ठेवावा. आणि विकणाऱ्याला यात किती मिळतं ते विचारल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नये. उरलेल्या तिजाईतला मोठा भाग तिनं पोस्टात ठेवला, थोडा थोडा महिन्याला नित्याच्या मदतीनं म्युच्युअल फंडात टाकला, आणि घडी बसवली. गाण्याच्या शिकवणीला मुलींना सोडायला येणाऱ्या बाया आपले कागद दाखवू लागल्या. चंद्रमती सांगते तर ते बरोबरच, असा तिचा बोलबाला झाला.

त्या बोलबाल्यामुळेच आज वरुणराव आला होता.

“वैनी, भवानी टीचर रिटायर झाल्या. ओरत्तनाडूच्या शाळेंत हेडमिस्ट्रेस होत्या त्या. सगळा पैसा हातीं आलाय, एकट्या बाई. चांगला प्लॅन दाखवलों मी. पण त्या म्हणतात, चंद्रमतीअक्का हो म्हटल्या तरच करतें.” तो हसला. “तुम्ही एक शब्द टाका. सरस्वतीपूजेच्या दिवशीं गोलूला या. सगळ्या असतील. तुमचं गाणं ऐकून किती वर्षं झालीं!”

चंद्रमतीनं भेंडीचं देठ उडवलं. “गोलूला? मला?”

“अहो, आतां काळ बदलला,” वरुणराव म्हणाला. “आणि मागचं कांही मनांत असेल तर मी आहें की. माझ्या खिशांतून कांही तरी बघूं.”

काळ बदलला म्हणे! काळ जिथल्या तिथंच होता, याची गरज तेवढी बदलली होती. पण चंद्रमतीनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“येतें,” ती म्हणाली. “गातें पण.”

त्या आठवड्यात भवानीला सावध करायची तिला दोनदा संधी मिळाली होती, हे इथं लिहून ठेवतो. पहिल्यांदा नित्याशी बोलताना. नित्या भवानीला चित्ती, म्हणजे मावशी, म्हणायची. नित्या फोनवर म्हणाली, “अम्मा, भवानीचित्तीला सरळ सांगून टाक की. दोन मिनिटांचं काम.” चंद्रमतीनं “बघतें” म्हणून विषय बदलला. दुसऱ्यांदा खुद्द भवानीचाच फोन आला. “अक्का, वरुणराव तो प्लॅन म्हणतात. करूं कां?” शब्द जिभेवर आले होते. पण फोनवर सांगितलं तर काय होईल ते चंद्रमतीला स्पष्ट दिसलं. भवानी गुपचूप नाही म्हणेल, वरुणराव गुपचूप दुसरं घर गाठेल, आणि गोलूचं बोलावणं पुन्हा बंद. तिला तो त्याच्याच दिवाणखान्यात, त्याच्याच देवीसमोर, सगळ्या बायकांच्या देखत उताणा पडलेला हवा होता.

“गोलूला ये,” ती भवानीला म्हणाली. “देवीसमोर सांगतें.”

मग रोज संध्याकाळी ती ओव्या जुळवत बसली. इतकी खुशीत ती कितीतरी दिवसांत नव्हती.

सरस्वतीपूजेच्या दिवशी वरुणरावाचं घर बायकांनी भरलं होतं. पायऱ्यांवर दशावतार, वाणी-वाणीण, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पूजेला ठेवलेल्या वस्तू. त्या दिवशी आपल्या विद्येची आणि धंद्याची साधनं देवीपुढं ठेवायची आणि विजयादशमीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मुलांची पुस्तकं होती, सरस्वती वाजवायची ती वीणा होती, आणि मधोमध हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल ठेवलेली वरुणरावाची तपकिरी पिशवी होती. चंद्रमतीनं तिला डोळे भरून पाहून घेतलं.

भवानी भिंतीशी बसली होती. तिनं चंद्रमतीकडे पाहून मान हलवली. सगळ्यांत वडील जयलक्ष्मीअम्मा खुर्चीत होत्या. त्यांचा शब्द त्या घरांत कुणी मोडत नसे. वरुणराव पुरुषांच्या रीतीनं बाहेर ओसरीवर बसला होता, पण उघड्या दारातून आतलं सगळं त्याला दिसत होतं.

“चंद्रमती, एक पाट्टु होऊं दे,” जयलक्ष्मीअम्मा म्हणाल्या.

गोलूला आलेल्या बाईनं गायचं, ही जुनी रीत. तिच्या मागची दुसरी रीत त्याहून कडक. देवीपुढं सुरू झालेलं गाणं मध्ये तोडायचं नाही, आणि शेवटचं मंगळम होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. चंद्रमतीनं सगळा डाव त्यावरच मांडला होता.

ती मांडी घालून बसली. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत निघाला.

पहिली ओवी गातें, पहिल्या गं हप्त्याला,
मोठा घास त्याचा, गेला दलालाला.

बायका हसल्या. ओसरीवर वरुणरावही हसला. त्याला वाटलं असणार, वहिनी गंमत करून मग आपलं नाव घेतील.

दुसरी ओवी गातें, दुसऱ्या गं सालाला,
“एकदाच” म्हणणारा, उचलीना फोनाला.

हसू विरलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. अशी नोटीस त्यांच्याही घरी आलेली असणार, आणि आपलंच काही चुकलं म्हणून त्या गप्प बसल्या असणार. फसलेली माणसं गप्प बसतात, एजंटांचे बंगले त्यावरच उठतात.

तिसरी ओवी गातें, तेराव्या दिवसाला,
आपल्या बोलींत, गळा कापून नेला.

चौथी ओवी गातें, लेकीच्या नशिबाला,
तिजाई आली हातीं, कुलूप कॉलेजाला.

सरस्वतीच्या हातातला सुंडलचा डबा कलला. वरुणराव उठून उंबऱ्याशी आला. “वैनी, पुरे की आतां. मंगळम म्हणा.”

“गाणं तोडूं नये रे,” जयलक्ष्मीअम्मा वळूनसुद्धा न पाहता म्हणाल्या. “बस तिथं.”

तो बसला. चंद्रमतीला त्या वेळी जे सुख झालं त्याला उपमा शोधत बसत नाही. ज्याला कुणावर सूड घ्यायचा राहिला असेल त्याला ते कळेल.

पांचवी ओवी गातें, शहाण्या गं बाईला,
विमा ठेव विम्याजागीं, बचत बचतीला.

सहावी ओवी गातें, गोड बोलणाऱ्याला,
सहीच्या आधीं पूस, “मिळतें किती तुला?”

ती थांबली. तंबोऱ्यावर कुणी नव्हतं, तरी सूर घरात रेंगाळला. कुणी नाव घेतलं नव्हतं आणि घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना ओसरीकडे वळल्या होत्या. नुकतीच नोटीस मिळालेली एक जण तर उघडच म्हणाली, “मलाही हेंच सांगितलांत तुम्ही.”

आता मंगळम म्हणायचं आणि उठायचं, एवढंच चंद्रमतीनं ठरवलं होतं. तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या भवानीचा आवाज आला, इतका बारीक की शाळा चालवलेल्या बाईचा वाटेना.

“अक्का, मी सकाळीं चेक दिला.”

चंद्रमतीनं तिच्याकडे पाहिलं.

“वरुणराव म्हणाले, चंद्रमतीवैनींचा होकार आहे. तुम्ही फोनावर नाही म्हटलां नाहीं. देवीसमोर सांगतें म्हटलांत. मला वाटलं, हो म्हणूनच असं सांगतात. मुहूर्त चांगला म्हणून सही करून दिला. सगळाच पैसा आहे तो, अक्का.”

सुडाच्या भरात ज्या बाईला चंद्रमतीनं प्रेक्षक म्हणून बसवलं होतं, तीच तिच्या डोळ्यांदेखत बुडाली होती, आणि बुडवताना वरुणरावानं चंद्रमतीचंच नाव वापरलं होतं. पण ती घाबरून गप्प बसणारी बाई उरली नव्हती. आज सरकारी सुट्टी, बँका बंद. म्हणजे चेक कुठं गेलेला नाही. तिची नजर खालच्या पायरीवर गेली.

“पिशवींत आहे ना?” तिनं विचारलं.

वरुणराव पुन्हा उंबऱ्याशी आला. घामानं त्याचं गंध ओघळलं होतं. “पूजेंतली पिशवी ती. उद्यांपर्यंत हात लावूं नये. तुम्हांला रीत ठाऊक नाहीं कां? दशमी होऊं दे, मग निवांत बोलूं. पॉलिसी नको असली तर महिन्याभरांत परत देतां येते, तसा कायदाच आहे.”

“कायदा मलाही ठाऊक आहे,” चंद्रमती म्हणाली. “आणि महिनाभर तुम्ही फोन कसा उचलतां तेंही ठाऊक आहे. चेक आत्तां द्या. तो हातीं येईपर्यंत मी मंगळम म्हणत नाहीं. बसूं दे सगळ्यांना.”

मंगळमशिवाय गोलू उठला तर घराला ते बरं नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं. सरस्वतीचा चेहरा पांढरा पडला. सगळ्यांनी जयलक्ष्मीअम्मांकडे पाहिलं.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, वरुणरावाकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाल्या, “पूजेंतलं वाचूं नये, लिहूं नये, त्यानं धंदा करूं नये म्हणून सांगितलंय. दुसऱ्याचं परत देऊं नये म्हणून कोणी सांगितलंय?”

वरुणरावानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सरस्वती हलली. तिनं डबा खाली ठेवला, देवीला हात जोडले, पिशवीवरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला केलं आणि चेन ओढली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. चेक काढून तिनं भवानीच्या हातात ठेवला. त्याच्या कोपऱ्याला कुंकू लागलं होतं.

मग चंद्रमतीनं मंगळम म्हटलं. सगळं, सावकाश, एकही ओळ न गाळता. वरुणराव तेवढा वेळ उंबऱ्यात उभा होता, आणि बायका त्याच्याकडे पाहत होत्या. मेल वीदीवर यापुढं त्याला कुणी पाट देणार नव्हतं, हे त्यालाही कळलं होतं.

सरस्वती कुंकवाची ताटली घेऊन एकेकीपुढं वाकत आली. चंद्रमतीपुढंही ती तशीच वाकली. चंद्रमतीनंच ताटली मागं सारली.

“नको. ज्या वर्षीं हवं होतं त्या वर्षीं दिलं नाहींत. आतां तुमच्याकडेच ठेवा.”

सरस्वतीच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रमतीला तिची दया आली नाही, उलट बरं वाटलं.

बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते. पूजेसाठी रिक्षांना झेंडूच्या माळा आणि केळीचे कोंब बांधले होते. चंद्रमती भवानीच्या बरोबरीनं चालू लागली. तिला खूप बोलायचं होतं. परवा पोस्टात जाऊ, ज्येष्ठांची योजना आहे, थोडा पैसा हाताशी ठेव, घाई नको. सगळं तिच्या जिभेवर होतं.

“अक्का,” भवानी म्हणाली, “त्या दिवशीं फोनावर दोन शब्द सांगायला काय झालं होतं?”

चंद्रमतीला सबब सांगता आली असती. पण आज तिला खोटं बोलायचं नव्हतं.

“फोनावर सांगितलं असतें तर वरुणरावाला तें चारचौघांत ऐकावं लागलं नसतें.”

“आणि आज बँक उघडी असती तर?”

भवानीनं हात करून रिक्षा थांबवली. आत बसून तिनं चेक पर्समध्ये ठेवला आणि ती पर्स दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. “येतें” असंही म्हणाली नाही. रिक्षा निघाली तरी ती चंद्रमतीकडे तशाच नजरेनं पाहत होती, जशी थोड्या वेळापूर्वी घरातल्या सगळ्या जणी वरुणरावाकडे पाहत होत्या.